साठचा उजेड नवात

एलईडी बल्ब घेताना उजेड, रंग आणि टिकाऊपणा पाहावा, असं शास्त्र सांगतं. मालवण-कसाल रस्त्यावरच्या कट्टा बाजारात हे काम अर्ध्या मिनिटात उरकतं. दुकानदार काउंटरवरच्या होल्डरला बल्ब लावतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे टक लावून बघतं आणि ज्याने डोळ्यांपुढे काजवे चमकतात तो बल्ब पिशवीत जातो.

उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. वॅटवरून फक्त वीज किती खाणार ते कळतं. जुना 60 वॅटचा बल्ब साधारण 700 ल्युमेन द्यायचा, चांगला 9 वॅटचा एलईडी 800 ते 900 देतो. रोज पाच तासांप्रमाणे महिन्याला पहिला 9 युनिट खाई, दुसरा 1.35. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवी, आणि त्या उष्णतेवर खुराड्यातली पिल्लं वाढत. या एका खात्यात एलईडी सपशेल नापास आहे. 5 जानेवारी 2015 रोजी केंद्राची उजाला योजना सुरू झाली आणि महावितरणच्या कार्यालयांतून स्वस्त एलईडी बल्ब मिळू लागले. वीज कार्यालयातून माणूस हातात काही घेऊन परतला, हीही क्रांतीच.

रंगाचे आकडे उलटे चालतात: 2700 ते 3000 केल्विन पिवळसर, 6500 पांढराशुभ्र. कोकणात पांढऱ्याचा मान मोठा, म्हणून तो पडवीत लागतो. पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी येते तीही तिथेच, कारण किड्यांना निळसर प्रकाशाची ओढ जास्त. पडवीत पिवळसर बल्ब लावला तर पाहुणे कमी येतात आणि पालीची मेजवानी हुकते. खोक्यावर 'सीआरआय' हा आणखी एक आकडा असतो. वस्तूचा रंग किती खरा दिसतो ते तो सांगतो, कमाल 100. तो 80 च्या खाली असेल, तर संध्याकाळी आणलेल्या बांगड्याच्या कल्ल्यांवरून घरात वाद होणार.

टिकाऊपणाचा मामला सर्वांत गमतीचा. खोक्यावर 25,000 तास लिहिलेले असतात. रोज पाच तासांनी ती पावणेचौदा वर्षं होतात. वॉरंटी मात्र वर्षा-दोन वर्षांची. उजेड देणारी चिप बहुधा शाबूत राहते, मरतो तो वीज बदलून देणारा ड्रायव्हर. बंद काचेच्या डोममध्ये तो उकडून निघतो, आणि मे महिन्यातल्या वळिवाच्या विजेने दाबाचा एक झटका दिला की आटोपतो. म्हणून खोक्यावर 4 केव्ही सर्ज संरक्षण लिहिलंय का ते बघावं.

बॅटरीवाला इन्व्हर्टर बल्ब लाइट गेल्यावरही जळतो, पण भिंतीवरचं बटण चालू असेल तरच. इथे घोटाळा होतो: लाइट गेली की घरातलं जबाबदार माणूस उठून सगळी बटणं बंद करत फिरतं, मग बल्ब बनावट निघाला म्हणून दुकानदाराचा उद्धार होतो. तरी त्याची बॅटरी तीन-चार तासांची. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात सिंधुदुर्ग जिल्ह्यात कित्येक दिवस वीज नव्हती, तिथे कंदिलालाच शरण जावं लागलं.

पडवी आणि माजघराला 9 वॅटचा 3000 केल्विनचा बल्ब पुरतो. मुलांच्या अभ्यासाला 4000 चा घ्यावा. घेतल्याची तारीख बल्बच्या मानेवर पेनाने लिहावी आणि बिल जपून ठेवावं. बदलून मागायला गेल्यावर दुकानदार आधी तेच विचारतो.