रात्री तीनचा डुलका

आमच्या पतसंस्थेत जिन्याखालच्या कपाटात चोवीस पोर्टांचा एक स्विच राहतो. एका अंगाला जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे, दुसऱ्या अंगाला गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, आणि मधल्या वीतभर जागेत अंग चोरून हा. सगळ्या काउंटरांच्या वायरी त्याच्या पोटात जातात. तो बसला की संस्था बसते.

आणि तो बसायचा. आठ-दहा दिवसांनी एकदा, हमखास. एरवी लुकलुकणारे हिरवे दिवे एकटक जळू लागायचे, तळ्याकाठच्या बगळ्याच्या नजरेसारखे. दिसायला जिवंत, हलायला तयार नाही. मग मला फोन. मी आमच्या शिपाईमामांना सांगायचो, "मामा, स्विच बंद करून चालू करा."

"कुठला? भिंतीवरचा का कपाटातला?"

"भिंतीवरच्या स्विचने कपाटातला स्विच."

"मग बटण म्हणा की!"

मामा बटण दाबत, दहापर्यंत आकडे मोजत (हे मीच शिकवलेलं), पुन्हा दाबत, आणि दोन-तीन मिनिटांत पासबुकं छापू लागत. या विद्येच्या जोरावर मी गेली कित्येक वर्षं 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' म्हणून तालुक्यात भाव खातोय.

गंमत अशी, की पूर्वी हा स्विच कधीच अडत नसे. दुखणं सुरू झालं ते इन्व्हर्टर बसवल्यावर. पुष्कळ दिवस मला त्याचा उलगडा होईना. मग एकदा आंघोळ करताना उमगलं. आधी दर दोन-चार दिवसांनी लाइट जायची, तिच्याबरोबर स्विचही जायचा, आणि ताजातवाना होऊन परत यायचा. आम्ही लाइटीच्या नावाने बोटं मोडत होतो आणि ती बिचारी फुकटात देखभाल करत होती. इन्व्हर्टर आला, आणि स्विचची झोप गेली.

यंत्राला कसली आलीय झोप, असं कुणी म्हणेल. पण आत काय चालतं ते पाहिलं तर शब्द फार चुकत नाही. एखादा प्रोग्रॅम कामापुरती मेमरी उसनी घेतो आणि परत करायला विसरतो. थेंबाथेंबाने ती संपते. कुठे वेळ मोजणारा आकडा फुगत फुगत आपल्या घरात मावेनासा होतो. विंडोज ९५ मध्ये मिलिसेकंद मोजणारा असा आकडा होता, तो ४९ दिवस १७ तासांनी भरायचा आणि यंत्र गोठायचं. बोइंग ७८७ विमानाबाबत तर २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने फर्मानच काढलं होतं: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनित्रांचे नियंत्रक बंद पडू शकतात, सबब अधूनमधून विमानाची वीज बंद करा. कोट्यवधी डॉलरचं विमान आणि उपाय मामांचा!

आपल्याकडे हे ज्ञान फार जुनं आहे. पंढरपुरात आषाढीला विठोबाचा पलंग काढतात. शेजारती नाही, झोप नाही, चोवीस तास दर्शन. पण यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात, आणि पलंग पुन्हा येतो. अठ्ठावीस युगं उभं राहणाऱ्यालाही सलग ड्युटीनंतर ठरलेली विश्रांती आहे. आमचा स्विच तर तीन वर्षांच्या वॉरंटीचा, आणि तीही उलटलेली.

तेव्हा ठरवलं, रोज रात्री तीन वाजता याला आपोआप डुलका द्यायचा. मोठ्या स्विचांना तशी आज्ञा आतच देऊन ठेवता येते. सिस्कोच्या स्विचला 'रीलोड ॲट' म्हणून वेळ दिली की झालं. एकच ग्यानबाची मेख: त्याला मुळात किती वाजलेत हे ठाऊक हवं. जुन्या कित्येक मॉडेलांत घड्याळाची बॅटरी नसते. ती दर वेळी जागी होतात ती थेट १ मार्च १९९३ ला, आणि कुणी खरी तारीख सांगेपर्यंत खुशाल तिथेच नांदतात. आमच्या गरिबाला घड्याळही नव्हतं आणि आज्ञा घ्यायला कानही नव्हते. नवा घ्यावा म्हणून मी अर्ज दिला. संचालक मंडळाने तो पुढच्या सभेवर ढकलला आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातला टायमर मंजूर केला.

हा टायमर म्हणजे माशांच्या टाकीचे दिवे लावायला वापरतात तो, गोल तबकडीचा. कडेने शहाण्णव दाते, प्रत्येक दाता पंधरा मिनिटांचा. तीनसमोरचा एक दाता वर केला. झालं! दोन महिने स्विच एकदाही अडला नाही. मनात कुठेतरी टोचत होतं, की हा इलाज नव्हे. आजार काय ते न बघता रोज गुंगी देणं आहे. पण जो रोग रात्री तीनला होतो आणि सव्वातीनला बरा होतो, त्यासाठी कोण जागं राहतंय?

मग पाऊस लागला. रात्र-रात्र लाइट नाही, पहाटे इन्व्हर्टरही मान टाके, आणि तबकडी तिथल्या तिथे थांबे. वीज आली की ती सोडलेल्या जागेवरून निमूट पुढे. असं करत करत ती साडेसात तास मागे पडली. साडेसातीच म्हणायची. तिचे तीन आमच्या सकाळी साडेदहाला वाजू लागले.

मला हे आठवड्याने कळलं, कारण तक्रारच आली नाही. साडेदहाला सगळे काउंटर थांबत, कॅशियरताई पेन टोपणात घालत, मामा चहा आणत, पावणेअकराला स्विच उठे आणि चोवीस पोर्टांवर कोण कुठे बसलंय ते नव्याने विचारू लागे. नव्या पोस्टमनसारखा, एकाचं पत्र आधी सगळ्या दारांत नेऊन दाखवी, उत्तर आलं की दार ध्यानात ठेवी. तोवर चहाचे कप विसळून झालेले असत. रांगेतल्या खातेदारांनाही वेळ पाठ झाली होती. जाणते लोक अकराला येत.

मी तबकडी फिरवून तीन जागेवर आणले. कॅशियरताई म्हणाल्या, "कशाला हात लावलात हो? चांगलं चाललं होतं."

स्विच आता पुन्हा रात्री तीनलाच निजतो. चहा मात्र अजून साडेदहालाच होतो, आणि तेवढ्यापुरते काउंटरही बंद असतात.