नंदी कुठवर आला?

"काय वैनी, काल सांजच्याला गाडी भरून कुठं गेलतासा?"

"रंकाळा तळ्यावर वं मावशी. नणंदेच्या पोरीचं प्री-वेडिंगचं फोटो काढायचं होतं."

"म्हणजे पाठीमागं शालिनी पॅलेस अन् पुढं हातात हात!"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? कोल्हापुरातली सगळी जोडपी तिथंच हुबी ऱ्हात्यात. पर पॅलेस कुणाच्या नावाचा, इचारा एकाला."

"त्या शालिनी सिनेटोनवाल्यांचा आसंल की."

"आवं, शालिनीराजे राजकन्या, त्यांचं नाव पॅलेसला. १९३१ ला बांधाय घेतला, १९३४ ला पुरा झाला. काळा दगड, आत इटलीचा संगमरवर. त्या काळात आठ लाख रुपये गेलं म्हणत्यात. सिनेटोन ही शिनेमाची कंपनी येगळी, तीबी रंकाळ्याजवळच. बाबूराव पेंटरांनी बोलता 'सावकारी पाश' काढला १९३६ ला, त्यो तिचाच."

"आन् मधी हॉटेल होतं न्हवं पॅलेसात?"

"१९८७ ला केलतं. पुढं तेबी बंद पडलं. आता बघायचं ते भायेरनं."

"भायेरनंबी लई देखणा दिसतोय वं. ऊन कललं, संध्यामठ निम्मा पाण्यात, बगळं काठाला, तिकडं पद्माराजे बागेत पोरांचा दंगा. फोटोवाला तर खूश. फकस्त एका कडंला कॅमेरा वळवू दीना."

"जलपर्णी?"

"तीच. म्हणला, फोटोत हिरवळ दिसंल, पर वास कसा झाकू?"

"ती काय आपली आपण येती व्हय? नाल्याचं सांडपाणी तळ्यात उतरलं की तिला आयतं खत. वरनं हिरवंगार, खाली पाण्याला ऊन मिळंना, हवा मिळंना, मासं गुदमरत्यात. आन् आपण पॅलेसचं कवतिक करत बसतोय. बांधणाऱ्यानं पाणी बघूनच जागा धरली न्हवं? त्योच पॅलेस हायवेला नेऊन ठेवा, कोण जाईल नवरा-नवरी घिऊन? आधी तळं राखा म्हणावं."

"काम चालू हाय की मावशी."

"मी सून हून आले तवापासनं चालूच हाय. रंकाळ्याजवळचा नंदी म्हाईत हाय न्हवं? दिवसाला गव्हाएवढा पुढं सरकतोय, तांदळाएवढा मागं येतोय. रंकाळ्याला पोचला की प्रलय, आसं म्हातारी माणसं सांगायची."

"आगं बाई! मग?"

"मग काय, तळ्याचं कामबी त्याच चालीनं चाललंय. दोघांत पयला कोण पोचतोय, तेवढं बघायचं. बरं, चौपाटीवरनं भेळ आणलासा का नुसतं फोटोच?"