भूपाळीला रेंज नाही

घरातलं नेट गेलं की माणसं हळहळतात. नेट असूनही स्पीकर गात नसेल तर भांडतात. पहिल्या प्रकारात दोष कंपनीचा असतो. दुसऱ्यात तो घरातल्याच कुणाच्या तरी पदरात घालायचा असतो.

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये हे रोज सकाळी सहाला सुरू होतं. स्पीकर स्वयंपाकघरात ओट्याशेजारी. राउटर दिवाणखान्यात टीव्हीच्या मागे, कारण त्याची वायर दिसली तर ‘बरं दिसत नाही’. मधे काँक्रीटची भिंत, फ्रीज आणि आजींच्या लग्नातलं लोखंडी कपाट. गृहस्थ भूपाळी लावतात. पहिली ओळ येते, दुसरी अर्धी येते आणि घनश्याम अर्धवट उठलेल्या अवस्थेत राहतो.

“अहो, बंद करून चालू करा,” पत्नी म्हणते. “रेडिओ बरा होता,” आजी म्हणतात. गृहस्थ मात्र मोबाइल काढून मोठ्या प्लॅनचे दर बघू लागतात.

खरं तर गाण्याची भूक अगदी बेताची. चांगल्या दर्जाचं गाणं सेकंदाला ३२० किलोबिटमध्ये भागतं. सीडीच्या तोडीचं हवं तर १४११. म्हणजे शंभर एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये एका वेळी तीनशे भूपाळ्या मावतात, निदान कागदावर. अडचण वेगाची नसतेच. ती असते राउटरपासून ओट्यापर्यंतच्या पंचवीस फुटांची, आणि ते पंचवीस फूट कुठल्याच प्लॅनमध्ये येत नाहीत.

शिवाय त्या वाटेवर गर्दी. स्वस्तातल्या बऱ्याच स्पीकरना २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो. १९४७ साली अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पट्टा उद्योगधंद्यातल्या आणि तापवण्याच्या यंत्रांसाठी राखून ठेवला गेला. तेव्हा मूळ बिऱ्हाड मायक्रोवेव्हचं. वायफाय हा पन्नास वर्षांनी आलेला पोटभाडेकरू. ओव्हन आठशे वॉटचा, राउटर हवेत सोडतो तो वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ओव्हनच्या दारातून निसटणारा किंचितसा अंश माणसाला बाधत नाही, पण राउटरचा आवाज त्यात बुडतो. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी या घरात दूध तापतं, हे आतापर्यंत कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं.

ते आलं इंजिनीअरिंगला असलेल्या मुलीच्या. तिने फोनवर एक ॲप उघडून आसपासची नेटवर्कं दाखवली. यादीत अख्खी सोसायटी होती. एकाचं नाव ‘पासवर्ड विचारू नये’, दुसऱ्याचं ‘स्वतःचे घ्यावे’. पाट्या लावायला भिंती कमी पडल्या म्हणून पुणेकर हवेत शिरलेले. या पट्ट्यात चॅनेल तेरा, पण एकमेकांच्या अंगावर न जाणारे तीनच धरतात: १, ६ आणि ११. पाऊण सोसायटी ६ वर ठाण मांडून होती. मुलीने ११ धरलं. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस, पण तो भिंतीपुढे लवकर हात टेकतो. स्वयंपाकघरासाठी तो कुचकामी.

राउटर टीव्हीमागून शोकेसवर आला, वायरीसकट. गृहस्थांची भूपाळी शेवटपर्यंत गेली आणि दूध गॅसवर तापू लागलं.

आजींच्या फोनला मात्र स्पीकर दिसेचना. फोनवर कीर्तन व्यवस्थित चालायचं, पण स्पीकरचं नाव यादीत नाही. फोन स्पीकर शोधतो तो घरच्या नेटवर्कवर, २२४.०.०.२५१ या ठरलेल्या पत्त्यावर हाक मारून. ज्याला ती ऐकू येते तो स्पीकर ओ देतो. आजींची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. मुलीने आजींच्या फोनचं सेटिंग उघडलं आणि एकदम गप्प झाली.

आजी पाहुण्यांच्या नेटवर्कवर होत्या.

राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी सोय असते. त्यांना इंटरनेट मिळतं, पण घरातल्या प्रिंटर-स्पीकरशी बोलता येत नाही. मूळ पासवर्ड लांबलचक, त्यात कॅपिटल अक्षरं आणि ॲट-द-रेट. म्हणून गेल्या दिवाळीत सूनबाईंनी आजींना सोपा, पाहुण्यांचा टाकून दिला होता. हेतू शंभर टक्के निर्मळ. पण ज्या घराच्या दारावर अजून सासऱ्यांच्या नावाची पाटी आहे, तिथे वर्षभर आपण पाहुण्या होतो, हे आजींना समजावून सांगायला चॅनेल बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. “म्हणजे मी बाहेरची?” या प्रश्नाला ‘तांत्रिकदृष्ट्या’ हा शब्द असलेलं उत्तर देऊ नये, एवढं गृहस्थांना कळत होतं. त्यांनी मुकाट्याने लांब पासवर्ड टाइप करून दिला.

आता आजींना स्पीकर सापडतो. देवघरातून, गच्चीच्या जिन्यातून, कुठूनही. दुपारी सूनबाईंची ऑफिसची मीटिंग ऐन रंगात आली असताना ओट्याशेजारून टाळ वाजू लागतात, मग बुवा निरूपणाला उभे राहतात, आणि बंगळुरूचा साहेब पलीकडून नम्रपणे विचारतो की आज काही सण आहे का.

परवा रात्री सूनबाईंनी लेकीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “ते पाहुण्यांचं नेटवर्क अजून चालू आहे ना गं?”