डबा घासून येऊ लागला तेव्हाच

"वैनी, कुणाला सांगू नका बरं का," असं अक्का म्हणाल्या, की बातमी अर्ध्या कॉलनीत आधीच पोचलेली आहे असं समजायचं. आमच्या दोघींच्या मध्ये कंपाउंडची कमरेएवढी भिंत. अक्का धुणं वाळत घालता घालता बोलतात आणि चिमटे संपले की हातवारे करून बोलतात.

"मागच्या गल्लीतली ती, कोपऱ्यावरच्या घरातली. तिच्या नवऱ्याचा डबा हप्ताभर घासून येऊलालाय."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं? तुमच्या घरातल्यांनी कधी घासून आणलाय?"

मी मेथीची जुडी सोडायला घेतली. आमच्याकडे शनिवारचा डबा सोमवारी सकाळी गाडीच्या डिकीत सापडतो आणि तो उघडायचा कुणी यावरून वाद होतो. घासलेला डबा म्हणजे संशयालाच जागा, हे मला पटलं.

तो गृहस्थ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. नव्या वर्षाला त्यानं काटकसर करायचं ठरवलं. बाहेरचं जेवण नव्वद रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे २,३४० रुपये. वर्षाचे अठ्ठावीस हजार! घरच्या डब्याला ज्वारी, शेंगदाणे, तेल, भाजी, गॅस असं सगळं धरून त्यानं तीस रुपये लावले. म्हणजे रोजचे साठ वाचले. वहीत लाल शाईनं चौकट करून त्यानं हा आकडा बायकोला दाखवला.

"अन् पहाटे पाचला उठणारी बाई कुठल्या रकान्यात हाय म्हणं?" अक्कांनी एक चादर फटकारली. "ज्वारीचा भाव हाय, गॅसचा भाव हाय. तिचा भाव नाही."

डब्याचं आपल्याकडे फार गुणगान होतं. कुणी पुण्याहून आलं की सांगतं, आमच्या ऑफिसात आता सगळे घरून आणतात, तब्येतीला बरं, पैसेही वाचतात. जसं काही हे कालच कळलंय! सोलापूरला हे कुणी शिकवायला नको. १८७७ च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून भोंग्यावर जेवणारी माणसं या गावात आहेत. साखर पेठेत ज्यांच्या घरातच माग होता त्यांना मात्र डबा लागत नसे. मागावरून उठलं की चार पावलांवर चूल. आता ते दिवस गेले. कुंभारीला २००६ साली विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं. २०२४ च्या जानेवारीत रे नगरची पंधरा हजार घरं दिली गेली. घर स्वतःचं झालं, ही मोठीच गोष्ट. पण ते गावाबाहेर पडलं आणि शहरात कामाला येणाऱ्याचं दुपारी घरी जाऊन जेवणं संपलं. अक्कांची धाकटी बहीण तिथंच राहते. तिची सून गारमेंटमध्ये शिवायला येते, डब्याची पिशवी मशीनच्या पायाशी ठेवते.

"तिच्या डब्यात काय असतं सांगू?" अक्कांनी माझं मन वाचलं. "कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. आठवड्यातून दोनदा मटकीची सुकी उसळ. वरण-भात कधी नाही. एप्रिलमध्ये वरण-भात नेऊन बघा. एक वाजेपर्यंत आंबतोय."

हे खरंच आहे. पारा चव्वेचाळीसला टेकणाऱ्या गावात डब्यात काय न्यायचं हे उन्हानंच ठरवलंय. कडक भाकरी ही काही शोभेची वस्तू नव्हे. ज्वारीच्या पिठाची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर किंवा विस्तवाच्या धगीला उभी करून तिच्यातलं पाणी पुरतं घालवायचं. ओल लागली नाही तर ती महिनेच्या महिने टिकते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असेल तर पीठ थापताना चिरत नाही, असं अक्का म्हणतात. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते अक्कांना टीव्हीवरून कळलं. "आम्हाला कुणी विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं," हा त्यांचा अभिप्राय.

चटणीबद्दल तर बोलायलाच नको. दाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट खलबत्त्यात घालून दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं. चटणीचा लालसर गोळा होतो, बोटाला तेल लागतं. मिक्सरमध्ये केली की ती भुरभुरीत कूट होते. त्याला चटणी म्हणणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत, पण जवळच्या नात्यात नाहीत.

"तर ते घासलेल्या डब्याचं काय झालं?" मी विचारलं. अक्का मुद्द्यावरून घसरल्या की त्यांना ओढून आणावं लागतं.

"ती हुशार बाई. भांडली नाही. एक दिवस उसळीत मीठच घातलं नाही. संध्याकाळी विचारलं, उसळ कशी होती हो? हा म्हणतोय, झकास!"

आम्ही दोघी हसलो. अक्कांना तर भिंत धरावी लागली.

"दुसऱ्या दिवशी डबा आला, घासलेला. आत चिठ्ठी. मोडक्यातोडक्या मराठीत. 'वहिनी, काल मीठ विसरलं. बाकी चांगलं.'"

डबा खात होता कलबुर्गीकडचा एक पोरगा. त्याच कारखान्यात मशीनवर आहे, चार पोरांत मिळून खोली घेऊन राहतो. पहिल्या दिवशी त्यानं चटणी नुसती चाखली, दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी मागितली आणि तिसऱ्या दिवशी पन्नासची नोट काढली. हिशेबनीसानं हिशेब केला. पन्नास आले, त्यात खिशातले चाळीस घातले की गाड्यावर अंडा-राईस आणि वर चहा. घरी मात्र रोजचे साठ वाचल्याची नोंद सुरूच. पोराला वाटत होतं की वहिनीच आपल्यासाठी डबा पाठवतात, म्हणून बिचारा घासून द्यायचा. त्याच्या आईचं वळण!

"मग फटके दिले असतील तिनं."

"फटके कशाला? तिनं भाव विचारला. किती देतोय पोरगा? पन्नास? बरं. उद्यापासून त्याचा डबा वेगळा, साठ रुपयांचा, पैसे थेट माझ्याकडं."

नवरा चिडला. आपल्याच बायकोनं आपलं गिऱ्हाईक पळवलं म्हणजे काय! म्हणाला, मग मी दहा रुपयांची शिवभोजन थाळी खातो, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ती म्हणाली, खावा की. २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झाली ती हातावर पोट असणाऱ्यांसाठी. टॉवेल कारखान्याच्या हिशेबनीसाला रांगेत बघून लोक काय म्हणतील, तेही वहीत लिहून ठेवा.

आता त्या खोलीतल्या चौघांचे चार डबे जातात आणि पाचवा नवऱ्याचा. त्याचेही साठच. आधी तो म्हणाला, घरातल्या माणसाला कसले पैसे? तिनं वही पुढं केली. "तुमच्या हिशेबात डबा तीसचा होता. वरचे तीस माझे. तुम्ही साठ वाचले म्हणता, त्यातले निम्मे मागितले तर काय बिघडलं?" माणूस हिशेबाचा, त्याला उत्तर सुचलं नाही. त्यानं पेट्रोलचा विषय काढला, कारण पाचही डबे त्याच्याच स्कूटरवरून जातात. मुंबईत १८९० पासून डबेवाले याच कामाचे पैसे घेत आलेत, असंही सांगून पाहिलं. ते तिनं मान्य केलं. रोजचे पाच रुपये पेट्रोलचे. "कामाला तर तसंही जाताच की!"

मला विचाराल तर पाच रुपयेही जास्तच झाले. पण नवरा-बायकोच्या व्यवहारात शेजाऱ्यानं पडू नये. पडायचं ते फक्त ऐकण्यापुरतं.

"पैशाचं काय करते?"

"भिशीत टाकते. बायकांची भिशी. नवऱ्याला आकडा माहीत नाही." अक्कांनी आवाज उतरवला, म्हणजे हे खरोखरच कुणाला सांगायचं नव्हतं. "पहिला नंबर लागला तर मोठा कुकर घेणार हाय. आणखी डबे वाढवायचेत. शेजारच्या शेडमधनं पण विचारणा आलीय."

माझ्या डोक्यात एक गोष्ट मघापासून टोचत होती. भिशीचा हप्ता, पेट्रोलचे पाच रुपये, चिठ्ठीतली वाक्यं, अक्कांना हे सगळं इतकं तंतोतंत कसं ठाऊक? त्या बाईशी त्यांचं फारसं येणं-जाणं नाही. निदान माझी तरी तशी समजूत.

"अक्का, तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"कुणी म्हणजे? ती रोज सकाळी येते की." त्यांनी शेवटचा टॉवेल दोरीवर सारखा केला. "एकटीनं पाच डब्यांच्या भाकऱ्या थापून शाळेची पोरं आवरणं होतंय का? भाजी ती करते. कडक भाकरी माझी."

"बाई गं! आणि मला एक शब्द बोलला नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलं?"

"एका भाकरीला काय घेता?"

"तिला आठ. तुम्हाला दहा."

"मला दहा का? मी शेजारीण ना?"

"ती रोज दहा भाकऱ्या नेते, रोख. तुम्ही एक नेणार, अन् सुट्टे नाहीत म्हणणार." अक्का रिकामी बादली उचलून निघाल्या, दाराशी थांबल्या. "चटणी पावशेर बांधू का? आजच कुटलीय."