मोबाईल गेटवर जमा करावा

एकाग्रतेला सध्या भाव चांगला आहे. मुळशी-लोणावळ्याच्या बाजूला असे मुक्काम निघाले आहेत, की जिथं दारातच तुमचा फोन काढून घेतात, दोन दिवस पाखरांचा आवाज ऐकवतात, मुगाची खिचडी वाढतात आणि निघताना बिल लावतात ते खिचडीचं नव्हे, फोन काढून घेतल्याचं. पुण्यामुंबईची साहेब मंडळी ते आनंदानं भरतात. तिथून परतलं की म्हणे आठ तासांचं काम पाच तासांत उरकतं. उरलेल्या तीन तासांचं पुढं काय होतं, हे मात्र कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आमच्या भंडारा जिल्ह्यात ही सोय साठच्या दशकापासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत, उलट महिन्याला पगार मिळतो. नागपूरहून भंडाऱ्याकडे महामार्गानं येताना जवाहरनगर लागतं. चीनच्या युद्धानंतर उभी राहिलेली आयुध निर्माणी ती इथली. आत दारू तयार होते. प्यायची नव्हे, उडवायची. हा खुलासा बाहेरगावच्या वाचकांसाठी. गेटवर मोबाईल जमा, काडीपेटी जमा, बिडी जमा, लायटर जमा. एवढं करून भागत नाही, खिसे चाचपून पाहतात. साहेबाला ज्या वैराग्यासाठी दोन रात्री आणि बरीच रक्कम मोजावी लागते, ते इथल्या कामगाराला रोज सकाळी सायकल लावता लावता प्राप्त होतं.

एकाग्रतेची पुस्तकं सांगतात, खोलीत माणसं कमी हवीत, टेबलावर सामान कमी हवं. स्फोटकांच्या कारखान्यात हे दारावरच रंगवून ठेवलेलं असतं: या इमारतीत एका वेळी माणसं इतकी, स्फोटक इतके किलो. त्यावर एक माणूस नाही. साहेब आत आले तर तेही मोजणीत धरायचे. ‘दोनच मिनिटं हं’ म्हणत डोकावणारा सहकारी हा बाकी कचेऱ्यांत स्वभावदोष, इथं नियमभंग. इमारती एकमेकींपासून लांब लांब, मधे मातीचे बांध. अवजारं अशा धातूंची की ठिणगी पडू नये. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, पण पितळ-तांब्याच्या जातीला इतकं जबाबदारीचं काम लग्नातल्या आंदणातसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

माझी नम्र सूचना आहे की ही पाटी देशभरच्या बैठकीच्या खोल्यांवर लावावी. माणसं: कमाल चार. सादरीकरण: कमाल दोन किलो.

आणि तास? आयुध निर्माणीचा आठवडा पिढ्यान्‌पिढ्या ४४ तास ४५ मिनिटांचा. पावणेपंचेचाळीस. सरकारी खात्यात पाऊण तासाचा हिशेब ठेवणारं माणूस कुणीतरी होतं, ही कल्पनाच मला फार धीर देते. त्या पावणेपंचेचाळीसच्या पुढं ४८ पर्यंत थांबलात तर ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, साध्या दरानं, ४८ च्या पुढं दुप्पट. ओटी हा शब्द जवाहरनगरच्या लहान मुलाला बाराखडीच्या आधी येतो. दिवाळीचे कपडे बोनसमध्ये, पण ताईचं लग्न, घरावरचा स्लॅब, पोराची इंजिनिअरिंगची फी, हे सगळं ओटीत.

आता अशा वसाहतीत ‘कमी तास काम करा’ हा उपदेश कसा वाजतो, ते ऐकण्यासारखं आहे. आमच्या शेजारचे भाऊ निर्माणीतून निवृत्त झालेले. त्यांचा पोरगा हिंजवडीच्या एका कंपनीत, आणि सध्या घरून काम करतो. मुलगा हुशार, शिवाय कष्टाळू, म्हणजे अडचणीत सापडायला लागणारे दोन्ही गुण अंगात. त्यानं एक शिबिर केलं. वेळेचं व्यवस्थापन. शिबिर रविवारी होतं. वेळ वाचवायला शिकण्यासाठी आठवड्यातला स्वतःचा एकुलता एक दिवस द्यायचा, यात कुणालाच काही गैर वाटलं नाही. चहासुद्धा चांगला होता म्हणे.

तिथून तो एक घड्याळ घेऊन आला. टोमॅटोच्या आकाराचं. फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अभ्यास होईना, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातलं असलंच घड्याळ उचललं आणि पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा असा परिपाठ घालून घेतला. आज जगभर लोक त्या पद्धतीनं काम करतात. भाऊंनी घड्याळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. टोमॅटोला इकडे भेदरं म्हणतात.

‘‘हे भेदरं काहून आणलं गा?’’

‘‘बाबा, हे वाजलं की पाच मिनिटं थांबायचं.’’

‘‘आणि सहा वाजले की?’’

‘‘सहा वाजता कुठं, बाबा. अमेरिकेतले लोक तेव्हा उठतात.’’

भाऊ गप्प झाले. छत्तीस वर्षं त्यांनी भोंग्यावर नोकरी केलेली. भोंगा वाजला की माणूस बाहेर. काम अर्धं राहिलं तर अर्धं. ते दुसऱ्या पाळीच्या हवाली करायचं, वहीत सही करायची, अंग धुवायचं आणि निघायचं. घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. थोडी दारू डब्यात घालून नेतो आणि रात्री जेवण झाल्यावर उरकून टाकतो, असं म्हणणाऱ्याला गेटवर नव्हे, तुरुंगात बसवतात. पोरगा मात्र रात्री अकराला स्वयंपाकघरात भिंतीला टेकून कुजबुजत मीटिंग करतो आणि भाऊ अंधारात पाणी प्यायला येऊन विचारतात, ‘‘तुह्या कंपनीत भोंगा नाई का?’’

पण पोराची पद्धत लागू पडली, हे मान्य करायला हवं. भेदरं वाजवून, सूचना बंद करून, सकाळचे चार तास कुलूपबंद ठेवून त्यानं आठ तासांचं काम खरोखर पाचात आणलं. पहिला आठवडा त्यानं दुपारी आईला भाजी निवडून दिली. दुसऱ्या आठवड्यात वरच्या साहेबाच्या लक्षात आलं की याच्या नावापुढं हिरवा दिवा आहे पण काम संपलेलं आहे. तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचं काम आलं. तो सहकारी परतला, काम परतलं नाही. आता तो दहा तास काम करतो, पण फार एकाग्रतेनं.

भाऊंना याचं नवल वाटलं नाही. पीसवर्कवर काम केलेल्या माणसाला हे शास्त्र तोंडपाठ असतं. नगाला जेवढा वेळ बांधून दिलाय त्याच्या आत फार आधी काम उरकून दाखवलं, की पुढल्या खेपेला वेळच कापून येतो. म्हणून शहाणा कामगार हात सैल सोडायचा, पण एका मापात. ‘‘लवकर झालं हे सांगाचं नसते बापा,’’ भाऊ पोराला म्हणाले, ‘‘झालं हे सांगाचं असते.’’ शिबिराच्या फीपेक्षा हे वाक्य जास्त किमतीचं आहे, असं माझं मत.

इथं थट्टा जरा बाजूला ठेवतो. २४ जानेवारी २०२५ च्या सकाळी या निर्माणीत स्फोट झाला. आठ कामगार गेले. आवाज कित्येक किलोमीटर ऐकू गेला. एरवी भोंग्याकडे कान असणारी वसाहत त्या दिवशी गेटकडे धावली, आणि फोन लावून उपयोग नव्हता, कारण आतल्या कुणाहीजवळ फोन नव्हता. ‘कमी वेळात जास्त’ हे वाक्य बाकी ठिकाणी फलकावर शोभतं. जिथं दोन हातांमध्ये स्फोटक असतं तिथं घाईला आणि थकव्याला जी किंमत पडते, तिचा हिशेब कुठल्याही डायरीत मावत नाही. म्हणून तास मोजायचे असतात ते अशा माणसाचे आधी.

आपल्याकडे तास कमी झाले ते कसे, हेही एकदा आठवून पाहावं. मुंबईच्या गिरण्यांत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारून १८८४ मध्ये साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार गोळा केले, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवार सोडला. पुढं व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असण्याच्या काळात कायदा दुरुस्त होऊन १९४६ मध्ये ५४ तासांचा आठवडा ४८ वर आला. लोखंड्यांनी कामगारांना ‘प्राधान्यक्रम ठरवा’ असं सांगितल्याची नोंद नाही. गिरणीतल्या बाईनं साच्यावर मन नीट एकाग्र केलं असतं तर तिला रविवार मिळाला असता, असंही तेव्हा कुणी सुचवलं नाही. तिकडे आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात आठवडा ४० तासांवरून ३५-३६ वर आणण्याचे प्रयोग झाले. त्यांनीही बैठका छाटल्या, कामं नव्यानं लावली, सगळं अगदी आपल्या पोरासारखंच केलं. फरक एवढाच की पगार तोच राहील आणि वाचलेला तास कामगाराचा, हे आधी ठरलेलं होतं. पुढं कामगार संघटनांनी ते करारात घालून घेतलं.

कायद्याशिवाय, मोर्चाशिवाय कामाचे तास कमी करून दाखवणारं एकच गाव महाराष्ट्रात झालं, ते पुणे, दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवून. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतली जवाहरनगरची कंपनी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड, आणि तिचं मुख्यालय पुण्यात. एवढं नातं जुळूनही ती एक ते चारची परंपरा अजून इकडे पोचलेली नाही.

पोचलं ते दुसरंच. २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास सुचवले. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी भाव ९० वर नेला आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहणार, अशी विचारणा केली. जवाहरनगरच्या बायांमध्ये या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. निष्कर्ष असा की पाहायचं राहू द्या, दळण आणून द्या. मग ३ सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतल्या ओटीची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असंही त्यात आहे. लेखी. हा शब्द वाचकांनी खिशात ठेवावा, गेटवर कुणी तो जमा करून घेणार नाही.

सरकारला वेळेचं शास्त्र कळत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९५५ मध्ये नियम मांडला, की कामाला जेवढा वेळ द्याल तेवढं ते फुगतं. आमच्याच जिल्ह्यात, पवनीजवळ, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं, अंदाज ३७२ कोटींचा. आता आकडा हजारो कोटींत आहे आणि कालवे शेताच्या वाटेवर आहेत. काम दिलेल्या वेळेपुरतंच फुगतं हा पार्किन्सनचा समज होता. गरीब बिचारा. वैनगंगेकाठी आला असता तर नियम सुधारून घेतला असता.

तर पुण्यामुंबईच्या, हिंजवडीच्या, आणि क्वार्टरातल्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या सर्व कर्तबगार मंडळींना विनंती एवढीच. भेदरं घ्या, सूचना बंद करा, सकाळचे चार तास कुलूपबंद ठेवा, आमची काही हरकत नाही. पण पहिलं बटण दाबण्याआधी कंपनीला एक पत्र टाका, की मी तीन तास वाचवणार आहे, ते माझे की तुमचे, आणि पगार तोच राहणार ना. बारा तासांना संमती लेखी लागत असेल, तर पाच तासांनाही लेखीच घ्या. उत्तर येईपर्यंत सावकाश काम करा.