अहो, तात्यांच्या पोराच्या क्लचचं ऐकलंत का?

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या की! ऐकलंत का? नाही? कमाल आहे बाई तुमची. अख्ख्या माळेगावात झालंय आणि तुम्ही भिंतीला भिंत लावून राहता. अहो, आपल्या तात्यांच्या धाकट्याच्या गाडीचा क्लच! हळू बोला, काकू मागच्या दारी धुणं वाळत घालतायत. त्यांना आधीच पुरे झालंय.

ती पांढरी पोलो हो, डिझेलची, सेकंडहँड घेतलेली. आपल्या चाकणलाच बनायच्या त्या, २००९ पासून. २०२२ ला कंपनीनं बंद केल्या, आणि बंद झाल्यापासून या पोरांना जास्तच वेड लागलंय. आली तेव्हा गाडी गुणी होती, खोटं कशाला बोलू. काकू पुढच्या सीटवर बसून मोरगावच्या गणपतीला जाऊन आल्या, तर येताना डोळा लागला म्हणाल्या. आता त्याच सीटवर बसायचं म्हटलं की त्या वरचं हँडल आधी धरतात, मग पदर सावरतात.

तर काय सांगत होते… हां, रिमॅप. पुण्यात कुणीतरी कानात सोडलं, रिमॅप करून घे. म्हणजे नट नाही, बोल्ट नाही, नुसता लॅपटॉप जोडायचा आणि इंजिनच्या कॉम्प्युटरात नवा हिशोब भरायचा. कंपनीनं दिलेला टॉर्क २५० न्यूटन-मीटर, आणि हा ३०० च्या वर करून आला. ओसरीवर बसून तात्यांना ऐटीत सांगत होता. तात्यांनी पान लावता लावता एवढंच विचारलं, "आन् खर्च?" हा म्हणाला, "ताकदीच्या मानानं फुकटच समजा." तात्या म्हणाले, "फुकट कायबी वाढत न्हाय बाळा. कुटंतरी कमी झालं आसंल." अहो, त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर काळा तीळच असणार!

कारण पुढच्याच खेपेला दिवे घाट. काकू आणि त्यांची बहीण मागं बसलेल्या. घाटात चौथ्या गिअरला यानं पाय दाबला, तर आरपीएमचा काटा सरसर वर आणि गाडी आहे तिथंच. इंजिन ओरडतंय, चाकांना पत्ताच नाही. आणि वास! काकू म्हणाल्या, "कुणाची तरी वायर जळतीय गं." मावशी म्हणाल्या, "कुणाची कशाला, आपलीच." पोराचं तोंड असं उतरलं म्हणता…

आमचे हे त्याच्याबरोबर गॅरेजला गेले होते, म्हणून मला सगळं आतलं कळलं. फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरतं. त्याच्यावर क्लचप्लेट, आणि तिला मागून दाबून धरायला प्रेशर प्लेट. नुसत्या घर्षणावर सगळा संसार. कंपनी हिशोबानं थोडी ताकद शिल्लक ठेवते, पण यानं लॅपटॉपवर एका तासात ती सगळी खाऊन टाकली. मग वरच्या गिअरला, कमी आरपीएमला, जिथं डिझेलचा टॉर्क सगळ्यात जास्त येतो, तिथंच प्लेट घसरणार. घसरली की तापणार, तापली की आणखी घसरणार.

आता इथं शहाण्यानं काय करावं? जरा बरी प्लेट टाकावी आणि गप बसावं. मेकॅनिकनं आमच्या ह्यांच्यासमोर तीनदा सांगितलं, "दादा, रोजची गाडी आहे, एवढं नको." पण ऐकेल तर तो तात्यांचा कसला! यानं मागवला थेट स्टेज थ्री. सिरॅमिकच्या बटणांची प्लेट, वर जड प्रेशर प्लेट, आणि कंपनीचं दुहेरी फ्लायव्हील काढून एकसंध, म्हणजे सिंगल मास, हलकं फ्लायव्हील. रेसच्या गाड्यांना असतं म्हणे. आपला रस्ता बघा, वहिनी! बारामती ते निरा. त्यात आता कारखान्याचा सीझन. उसाच्या डबल ट्रॉल्या, बैलगाड्या, दर वस्तीला स्पीडब्रेकर. पणदरे येईपर्यंत क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजायची सोय नाही. तिथं रेसचा क्लच!

गाडी घरी आली त्या संध्याकाळी सगळी आळी बाहेर. यानं चावी फिरवली आणि आतून खडखडखड… मला वाटलं पितळेचं भांडंच राहिलंय कुठंतरी आत. न्यूट्रलला खडखड, क्लच दाबला की बंद, सोडला की सुरू. ते दुहेरी फ्लायव्हील असतं ना, त्याच्या पोटात स्प्रिंगा असतात, इंजिनचे हादरे त्या गिळतात. ते काढलं, तर हादरे थेट गिअरबॉक्सात. "बिघाड नाही आई, कॅरेक्टर आहे," म्हणाला. काकू म्हणाल्या, "कॅरेक्टर पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू जातंय."

आणि पेडल! आमच्या ह्यांनी एकदा दाबून बघितलं, रात्री गुडघ्याला तेल चोळत बसले. साध्या क्लचला अर्धं सोडता येतं, जरा पकडतो, जरा सोडतो. याला ते माहीतच नाही. दिव्याच्या बटणासारखं, एक तर चालू, नाहीतर बंद. हळू सोडावा तर गाडी थरथर कापते, पटकन सोडावा तर उडी मारते. सकाळच्या गारठ्यात तर बघूच नका. बरं, त्याला अर्ध्यावर धरून गोंजारायचं म्हटलं, तर सिरॅमिक कडक पडतं, फ्लायव्हीलचं तोंडच खरवडून काढतं.

तर तात्यांची गंमत ऐका. गॅरेजवाल्यानं जुन्या प्लेटबरोबर नव्या प्लेटचा फोटो दिला होता. पोरगं मोठ्या कौतुकानं मोबाईल बापापुढं धरून म्हणालं, "बघा, परफॉर्मन्स क्लच." तात्यांनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढला. म्हणाले, "आरं, ही तर बटणाची प्लेट! आपल्या ट्रॅक्टरात हीच हाय की." अहो, मी तिथंच होते, साखर मागायला गेले होते… पोराचा चेहरा! खरं आहे हो ते. ऊस ओढणाऱ्या कितीतरी ट्रॅक्टरांना सिरॅमिकचीच प्लेट असते. पण ट्रॅक्टरचं काय, तो लहान गिअरला, सावकाश, मागं टनावारी ऊस घेऊन निघतो. झटका बसला तरी वजनात जिरून जातो. ट्रॉलीतला ऊस तक्रार करत नाही. काकू करतात!

बरं, मी मुद्द्यावर येते. मुद्दा आहे पाहुण्यांचा.

इंदापूरकडचं स्थळ आलं होतं ना, त्या मुलीचं. मेकॅनिकल इंजिनिअर, रांजणगावच्या एका कारखान्यात आहे. आई, मामा आणि मुलगी एसटीनं बारामतीला आले. आता तात्यांचं म्हणणं, मोठ्याची साधी गाडी पाठवू. हा ऐकेना, मीच आणतो. स्टँडवरून निघाले ते ठीक, पण पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. गाडी हलली, थांबली, हलली, थांबली. प्रत्येक वेळी मामांची टोपी पुढं. मुलीच्या आईनं मांडीवर पेढ्यांचा बॉक्स धरला होता. कारखान्याच्या चढाला एकच उडी बसली आणि पेढे निम्मे डॅशबोर्डखाली! दारात उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. काकूंनी पाणी दिलं, तर म्हणाल्या, "जरा थांबा, पोटातलं खाली बसू द्या." मामा तर थेट म्हणाले, "मुलाला गाडी चालवायला कधीपासून येते?" तात्या छताकडं बघायला लागले.

आणि मग, वहिनी, ती मुलगी बोलली. पोह्याची बशी हातात, आवाज अगदी शांत. "प्लेटचा हब स्प्रंग आहे की सॉलिड?"

ओसरीवर चिडीचूप. प्लेटच्या मधोमध बारक्या स्प्रिंगा असतात म्हणे, पहिला धक्का त्या घेतात. याच्या प्लेटला त्याही नाहीत! हा पुटपुटला, "सॉलिड." ती म्हणाली, "आणि फ्लायव्हील पण सिंगल मास?" यानं मान हलवली. "म्हणजे धक्का झेलायला गाडीत कुणी उरलंच नाही. आईच उरली माझी." अहो, तात्या असे हसले की काकूंनी डोळे वटारले.

मग तिनं बोटांवर मोजून सांगितलं. टॉर्क झेलायच्या चारच वाटा. दाब वाढवा, पकड वाढवा, प्लेट मोठी घ्या, नाहीतर प्लेटा जास्त घाला. दाब वाढवला की पाय दुखतो. पकड वाढवली की झटका बसतो. मोठी प्लेट घालायला आत जागा नाही. आणि जास्त प्लेटा घातल्या की खिसा रिकामा. आमच्या भाऊजींना राहवेना. ते एमआयडीसीत पियाजिओला, माहितीये ना तुम्हाला. म्हणाले, "आमच्या आपे रिक्षात तर प्लेटांचा गठ्ठाच असतो, तेलात बुडवलेला!" ती म्हणाली, "बरोबर काका, मोटरसायकललाही तसंच. छोट्या जागेत जास्त पृष्ठभाग." भाऊजी कॉलर ताठ करून बसले ते चहा येईपर्यंत. मामांनी लगेच विचारलं, "पियाजिओत म्हणजे व्हेस्पाला का?" भाऊजी म्हणाले, "व्हेस्पा तर २०१२ ला आली, त्याच्या आधीपासून आपेच." मग काय, त्यांचीच मुलाखत सुरू झाली. असो.

तर काय सांगत होते… यानं जरा धीर करून विचारलं, "मग केव्हलारची प्लेट टाकू का?" ती म्हणाली, "केव्हलार मऊ पकडतं, टिकतंही. पण रुळायला वेळ घेतं आणि एकदा जास्त तापून गुळगुळीत झालं की पुन्हा माणसात येत नाही. तुम्ही घाटात पाय दाबणारे." हे "तुम्ही" कसं म्हटलं तिनं, ते काकूंनी मला दोनदा करून दाखवलं. "रोजच्या गाडीला चांगल्या प्रतीची ऑरगॅनिक प्लेट, स्प्रंग हब, प्रेशर प्लेट कंपनीपेक्षा थोडीच जड, आणि फ्लायव्हील कंपनीचं परत. आणि मॅपमधला खालचा टॉर्क जरा उतरवा." वर हेही विचारलं की रिमॅपचं इन्शुरन्सवाल्यांना कळवलंय का. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीत नोंदलेल्या गाडीचं मूळ रूप मनानं बदलता येत नाही, आणि क्लेमच्या वेळी असल्या गोष्टी बाहेर येतात. आता मात्र आमच्या ह्यांचाही चेहरा पडला. गॅरेजला बरोबर तेच गेले होते ना!

परत जायची वेळ झाली तेव्हा मुलीची आई म्हणाली, "आम्ही रिक्षानं जातो." काकूंचे डोळे भरून आले हो. तेवढ्यात मुलीनं हात पुढं केला, "चावी द्या." आणि ही बसली की ड्रायव्हर सीटवर! पहिला गिअर टाकला, अॅक्सिलरेटरला पायच लावला नाही, डिझेलच्या आयडलिंगवर गाडी सरकू दिली. झटका बसला, नाही असं नाही, पण अर्धाच. ट्रॉलीच्या मागं मुद्दाम अंतर ठेवलं, सारखं हल-थांब करायचंच नाही. थांबली की न्यूट्रल आणि पाय पेडलवरून खाली, कारण जड प्रेशर प्लेटवर पाय ठेवून बसलं की रिलीज बेअरिंग लवकर जातं. चढाला हँडब्रेक. हा बाजूच्या सीटवर, वरचं हँडल धरून. स्टँडवर उतरताना मामांची टोपी जागेवर होती, हे त्यानंच घरी येऊन सांगितलं.

स्थळाचं काय म्हणता? अजून निरोप नाही. काकू म्हणतात, होईल. मुलीची आई म्हणते, बघू. पण काल पोरगं स्वतःहून गॅरेजला फोन करत होतं, ऑरगॅनिक प्लेट आणि दुहेरी फ्लायव्हीलची चौकशी. पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा, पुन्हा मजुरी. मेकॅनिकनं एवढंच सांगितलं, उतरवतोय तर रिलीज बेअरिंग नवंच टाका, त्या एका वस्तूसाठी तिसऱ्यांदा उतरवायला नको. तात्यांनी पैसे दिले, पण देताना म्हणाले, "फुकट वाढलं होतं ना?" त्यावर पोरगं काही बोललं नाही.

माझं म्हणणं एवढंच, वहिनी. तुमच्या पोरानंही उद्या रिमॅपचं काढलं, तर आधी क्लचचे पैसे बाजूला ठेवायला लावा. आणि गाडीत रोज घरची माणसं बसणार असतील, तर क्लचही रोजचाच घ्यायला सांगा. ट्रॅक्टरचं ट्रॅक्टरात, रेसचं रेसमध्ये. आणि हो, मंडईत जायचं असेल तर त्या पोराला सांगा. नवी प्लेट रुळायला आठशे-हजार किलोमीटर गावातल्या गावात, हळू चालवावी लागते. हायवेचे किलोमीटर धरत नाहीत, तिथं क्लच वापरलाच जात नाही. त्यामुळं तो कुणालाही बारामतीला सोडायला तयार होईल. पण प्लेट बदलून गाडी घरी आल्यावर हं. तोवर आपली एसटी बरी.