विशेषणकाका

प्रत्येक सोसायटीत एक विशेषणकाका असतात. उभी हयात मंत्रालयात दुसऱ्यांचे ड्राफ्ट तपासण्यात गेलेली. काका निवृत्त झाले, खिशातलं लाल पेन झालं नाही. उशाशी रेन अँड मार्टिनचं व्याकरण. त्यातले रेन म्हणजे 1924 साली ‘बो जेस्ट’ कादंबरी लिहिणारेच रेन, हे नव्या भाडेकरूला सामान उतरवतानाच कळतं.

काकांपुढे इंग्रजीत मोठेपणाच्या गोष्टी करू नयेत. मनालीहून आलेल्या वहिनी ‘टॉल माउंटन’ म्हणाल्या आणि जिन्यातच अडकल्या. “वहिनी, टॉल माणूस, टॉल झाड, टॉल इमारत. डोंगर हाय!” चूक बिग असते, लार्ज कधीच नसते. खांदे ब्रॉड, पण डोळे वाइड ओपन. चोरी ब्रॉड डेलाइटमध्ये होते, कारण वॉचमन वाइड अवेक नसतो. ग्रेट ब्रिटनमधला ग्रेट हा कौतुकाचा नाही, फ्रान्समधल्या ब्रिटनीशी घोळ होऊ नये म्हणून लावलेला आहे. हे ऐकून घेतल्याशिवाय ते लिफ्टचं दार लावू देत नाहीत. त्यांचं काही चालत नाही अशी जागा एकच, परमिट रूम. तिथे लार्ज म्हणजे 60 मिली. विषय संपला.

परवा गेटसमोर पालिकेची पाइपलाइन फुटली. वॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा होता. सेक्रेटरी ‘बिग लीकेज’ लिहून घेऊन आला.

“बिग? चौथीतला निबंध आहे का हा?”

“मग ह्यूज, काका?”

“अर्जात आरडाओरडा नको.”

“वास्ट?”

“वास्ट वाळवंट असतं रे. इथे पाणी आहे.”

“एक्स्टेन्सिव्ह?”

“एक्स्टेन्सिव्ह नुकसान असतं. ते अजून व्हायचंय.”

सेक्रेटरीने दबकत ‘वाइडस्प्रेड’ पुढे केला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “पाइप एकाच जागी फुटलाय ना? मग वाइडस्प्रेड कुठून आलं?”

मसुदा लाल होऊन परत गेला, पुन्हा आला, पुन्हा लाल झाला. दरम्यान पाणी पार्किंगमध्ये शिरलं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेलं, मागच्या दोन्ही गल्ल्यांत पसरलं. काका लेंगा गुडघ्यापर्यंत खोचून स्वतः पाहणी करून आले आणि समाधानाने पेनाचं टोपण उघडत सेक्रेटरीला म्हणाले, “हं, आता घाल वाइडस्प्रेड. आता चालतं!”